दूरदेशीची भाऊबीज
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. यंत्रांवर शास्त्रीय व्याख्यान देणे हा माझा अधिकार नव्हे. परंतु संसारी बाईला यंत्राचा उपयोग किती, हे परदेशात दिवाळी करताना मी पाहिले. तेवढेच आज सांगणार आहे.

२०२३ सालची दिवाळी मी लेकीकडे दुबईला केली. भाऊबीज १५ नोव्हेंबरला, बुधवारी आली. तिथे त्या दिवशी सुट्टी नसते. जावई कामावर गेले आणि घरी आम्ही दोघीच. माझा भाऊ राजुऱ्याला, लेकीचा भाऊ इथे गडचांदूरला. भाऊ दूर असला म्हणजे चंद्राला ओवाळावे, अशी आपली जुनी रीत. आम्ही मात्र पाटावर फोन उभा केला आणि भावांनाच ओवाळले. दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे. इथे सायंकाळचे सात वाजले, तेव्हा तिथे साडेपाच. तिथे व्हॉट्सॲपवरून बोलणे होत नव्हते, म्हणून बोटिम नावाचे दुसरे साधन दोन्हीकडच्या फोनांत आधीच घालून ठेवले होते. भावाने ओवाळणीही फोनवरूनच माझ्या इथल्या बँकेच्या खात्यात टाकली.

हे होते कसे, ते मी जावयांना विचारले. आपला आवाज आणि चेहरा टॉवरपर्यंत हवेतून जातो. पुढे तो केसासारख्या बारीक काचतंतूंतून प्रकाशाच्या रूपाने धावतो. असे तंतू समुद्राच्या तळाशीही टाकलेले आहेत. १९७०च्या दशकाच्या आरंभी आपल्याच महाराष्ट्रात, जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे, उपग्रहामार्फत परदेशाशी बोलण्याचे केंद्र सुरू झाले. त्या काळी परदेशी फोन नोंदवून वाट पाहावी लागे. गरिबाच्या घरी तर तार आली, की ती उघडण्याआधीच रडू फुटे. ती तारही २०१३ साली बंद झाली. आज तेच काम खिशातल्या फोनवर होते. ज्यांनी हे शोधून काढले, त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडेच.

परंतु त्याच दिवशी एक गोष्ट मनाला लागली. माझी आई राजुऱ्याला भावाकडे असते. माझ्या लेकीला तेव्हा दुसरा महिना होता आणि आजीला दोन नाजूक गोष्टी विचारायच्या होत्या. पण आजीसमोर फोन धरायला शेजारचा मुलगा आणि मागे पाहुणेमंडळी! “बरी आहेस ना गं?” “बरी आहे, आजी.” एवढ्यावरच बोलणे संपले. चेहरा स्वच्छ दिसत होता, आवाज स्वच्छ येत होता, पण आजीला फोन स्वतःच्या हाताने चालवता येत नव्हता. पोरीच्या मनातले मनातच राहिले.

परत आल्यावर मी राजुऱ्याला चार दिवस राहिले. आईला वाचता येत नाही, म्हणून नावांच्या जागी फोटो घातले. हिरवे दाबले की बोलणे सुरू, तांबडे दाबले की बंद, हे शिकवले. माइकचे चित्र दाबून निरोप कसा धाडावा, तेही दाखवले. त्यानंतर आजी-नात दुपारी दार लोटून बोलू लागल्या. बाळंतपणापर्यंतचे सारे तिने नातीला एकटीने सांगितले.

भगिनींनो, आपल्या गावात सिमेंट कारखान्यांमुळे परप्रांतांतूनही कुटुंबे आली आहेत. त्यांच्या लेकीसुनांचे माहेरही असेच दूर आहे. बाईचे मनातले बोलणे दुसऱ्याच्या हातातल्या फोनवर होत नाही. म्हणून माझी सूचना अशी, की मंडळाने दर शनिवारी दुपारी तासभर हा वर्ग चालवावा. जिला येते तिने दुसरीला शिकवावे. आणि पहिल्याच दिवशी हेही सांगावे, की फोनवर आलेला बँकेचा ओटीपी कोणी कितीही गोड बोलून मागितला, तरी सांगू नये.

पहिल्या शनिवारी शिकवायला मी येईन. आपापल्या सासूबाईंना आणि आईला बरोबर आणावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.