ओझं एकट्याचं नव्हे



आम्ही चौथी शिकलेले. दिवसा शेत, रात्री कीर्तन, यात साठी उलटली. दिंडीच्या शंभराव्या वर्षी बोलायला उभं केलंत, तर ज्ञान सांगण्याचा आमचा अधिकार नाही. डोक्या-खांद्यावरच्या ओझ्याचं तेवढं सांगतो.

मागं एका वारीला चित्रकला शिकणारा एक मुलगा पुण्यात आपल्या दिंडीला मिळाला. पाठीवरच्या पिशवीत दहा-बारा किलोचा धोंडा. आम्ही विचारलं, "बाळा, नवस हाय का?" म्हणाला, "नाही बाबा, ही माझी कला. ओझं घेऊन चालायचं." मंडळी हसली. मग त्यानं नीट समजावलं. रिचर्ड लाँग नावाच्या इंग्रज कलाकारानं १९६७ साली गवतात एकाच रेषेत येरझाऱ्या घातल्या. गवत दबून वाट उमटली, तिचा फोटो काढला, तीच त्याची कला. मेक्सिको शहरात फ्रान्सिस आलीस नावाच्या माणसानं १९९७ साली बर्फाची मोठी लादी रस्त्यानं ढकलत नेली, नऊ तासांच्या वर, पार पाणी होईस्तोवर. हे ऐकून आम्हाला आपली शेतीच आठवली.

दिवेघाटाचा चढ तुम्हाला ठाऊक आहे. माउलींच्या रथाला तिथं जादा बैलजोड्या जुंपतात. त्या चढाला मुलाचे खांदे सोलून निघाले. आपल्या एक मावशी, स्वतःच्या डोक्यावर तुळस, त्याला म्हणाल्या, "आण लेकरा, माझा नातू घेईल घटकाभर." तो म्हणाला, "नको मावशी, मग ते माझं काम राहणार नाही."

हे ऐकून आम्ही मनात चपापलो. तिशी-पस्तिशीत आम्हीही याच घाटात असंच केलेलं.

वीणा भुईला टेकवायची नाही, गळ्यातून गळ्यात द्यायची, हा आपला नेम. त्या वर्षी हडपसरला आमच्या गळ्यात आली. घाटाखाली पाळी एका पोराची होती. त्याचा बाप आपला जुना वीणेकरी, त्याच वर्षी वारलेला. पोरगा दोनदा हात पुढं करून आला. आम्ही "पुढच्या वळणाला देतो" म्हणालो, आणि माथ्यापर्यंत दिली नाही. लोक म्हणत होते, काय दमाचा वीणेकरी! ते गोड लागत होतं. पोरगा मागं मागं राहिला. पुढच्या वर्षी आला नाही, नंतरही नाही. आम्ही दोनदा त्याच्या गावी गेलो. पाणी दिलं, बोलला नाही.

धोंडा त्या मुलानं पंढरपूरपर्यंत एकट्यानं नेला. जिद्दीचा होता. त्याच्या कलेला आम्ही नावं ठेवत नाही. त्यानं कोणाची पाळी चुकवली नव्हती. आम्ही चुकवली होती.

आता यंदाचं. घाटात फोटोवाले तुळशीवाल्या बायांना थांबवतात, पुन्हा हसा, पुन्हा चाला म्हणतात. मागच्या दिंडीचा खोळंबा होतो. असं थांबू नका. दुसरं, काहीजण म्हणतात तुळस टेम्पोत ठेवू, बायांची मान धरते. मान धरते हे खरं, आमच्या घरातच बघतो. पितळेचं जड वृंदावन नको, लहान घ्या, हलकं घ्या. पण टेम्पोत नको. टेम्पो दमत नाही, तर मागून "आण गं, मी घेते" म्हणत येणारीचं काय काम उरणार? एकीनं दिवसभर नेऊ नये, दर विसाव्याला तुळस बदलावी. पखवाजालाही जोडीदार ठेवावा.

वीणेच्या पाळ्यांची यादी मंडपाच्या खांबाला लावली आहे. नावं बघून घ्या. दिवेघाटाची जागा आम्ही कोरी ठेवली आहे. तो पोरगा आता पन्नाशी गाठलेला बाप्या असेल. त्याच्या गावचं कोणी इथं बसलं असेल, तर एवढा निरोप घेऊन जा.