कचारगडचा परिसर आणि हत्तीरोगाचा शोध

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगड येथे माघ पौर्णिमेच्या सुमारास अनेक राज्यांतून गोंड समाजाचे भाविक मोठ्या संख्येने येतात. आणि ज्या पूर्व विदर्भात ही यात्रा भरते तेथे हत्तीरोगाचे ठाण फार जुने असल्यामुळे, या रोगाच्या निर्मूलनासाठी कोणाला, केव्हा आणि कोठे तपासावे, हा प्रश्न येथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

हत्तीरोगाचे कृमी क्युलेक्स डासांमार्फत पसरतात. प्रौढ कृमी लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतात, तर त्यांची सूक्ष्म पिल्ले, म्हणजे मायक्रोफिलेरिया, मुख्यतः रात्री त्वचेजवळच्या रक्तात येतात. म्हणूनच आरोग्य कर्मचारी रात्री घरोघरी जाऊन बोटाला सुई टोचतात आणि काचपट्टीवर रक्त घेतात. सुजलेला पाय जुन्या संसर्गाची खूण असतो, परंतु धडधाकट दिसणारा वाहक केवळ रक्ततपासणीतूनच सापडतो.

सामुदायिक औषधोपचाराच्या, म्हणजे सगळ्या गावाला गोळ्या देण्याच्या मोहिमेच्या, फेऱ्यांनंतर मायक्रोफिलेरियाचे प्रमाण १ टक्क्याखाली आले, की ६ ते ७ वर्षांच्या मुलांची प्रतिजन चाचणी, म्हणजे कृमींनी रक्तात सोडलेल्या प्रथिनांचा शोध, केली जाते. ही मुले मोहिमेच्या काळातच वाढलेली असल्याने त्यांच्यातील संसर्ग म्हणजे प्रसार अलीकडेपर्यंत चालू असल्याचा पुरावा होय.

यात्रेतील गर्दीतून मात्र असे प्रमाण काढता येत नाही, कारण आलेले लोक कोणत्याही एका गावाचे प्रतिनिधित्व करीत नाहीत. शिवाय हा रोग जडण्यास बाधित डासांचे दंश दीर्घकाळ व वारंवार व्हावे लागतात, त्यामुळे काही दिवसांच्या यात्रेला दोष देणे अशास्त्रीय आहे. रुग्णांना उपचाराची वाट दाखवणे आणि गोळ्यांविषयीचा विश्वास भाविकांबरोबर राज्याच्या सीमेपलीकडच्या गावांपर्यंत पोहोचवणे, हा यात्रेचा खरा उपयोग आहे. मोजणी गावातच व्हावी.

रुग्ण दिसेनासे झाले तरी शोध थांबवता येत नाही, हे नारू या दुसऱ्या कृमीरोगाच्या उदाहरणातून दिसते. नारूचा भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला, पण रोगमुक्तीचे प्रमाणपत्र २००० मध्ये मिळाले. मधल्या वर्षांत रुग्ण नसतानाही शोध चालूच राहिला, म्हणून त्या शून्याला अर्थ आला. हत्तीरोगासाठी देशाने २०२७ हे लक्ष्यवर्ष ठरवले आहे. परदेशी स्थायिक झालेल्या वैदर्भीय कुटुंबांनी गावाकडच्या आप्तांना आरोग्य कर्मचाऱ्यांसमोरच गोळ्या घेण्यास आणि रात्रीच्या तपासणीला दार उघडण्यास आग्रहाने सांगितले, तर या कार्यात त्यांचाही मोलाचा वाटा राहील.