आधी इमारत, मग कागद, मग कर्ज
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचे शब्दांकन)



आज मला नेमून दिलेला विषय घराचा आहे. राहते घर दुरुस्त करण्यासाठी कर्ज घ्यावे काय, आणि गाठीला चार पैसे जमल्यावर गुंतवणूक म्हणून दुसरी सदनिका घ्यावी काय, हे दोन प्रश्न समाजातील तरुण दांपत्ये वारंवार विचारतात. बहुतेकांची सुरुवात ‘व्याजदर किती?’ येथून होते. माझ्या मते तो प्रश्न शेवटी विचारावा. आधी इमारत पाहावी, मग कागद तपासावेत आणि त्यानंतर कर्जाकडे वळावे. आजच्या विवेचनाचाही हाच क्रम आहे.

प्रथम इमारत. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट ५ वर्षांतून एकदा, आणि त्याहून जुन्या इमारतीचे ३ वर्षांतून एकदा करावयाचे असते. आपल्या सोसायटीत हे शेवटचे कधी झाले, याची चौकशी प्रत्येकाने करावी. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी या चार मजली इमारतीत फरशी बसविण्याचे काम चालू असताना स्लॅब कोसळला आणि सहा जणांना प्राण गमवावे लागले. जुन्या इमारतीत आपल्या घरातील फरशी हा केवळ आपला खाजगी मामला राहत नाही, हे या दुर्घटनेने दाखवून दिले. जुन्या लादीवरच नवी लादी बसविली तर स्लॅबवरील भार वाढतो. भिंत काढली किंवा स्वयंपाकघर व न्हाणीघर यांची जागा बदलली, तर त्याचा परिणाम खालच्या-वरच्या घरांवरही होतो. म्हणून संस्थेची लेखी परवानगी आणि स्ट्रक्चरल अभियंत्याचा सल्ला घेतल्याविना छिन्नी-हातोडा चालवू नये.

आणखी एक गोष्ट. सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा चालू असेल, तर पाच लाखांचे नवे स्वयंपाकघर उद्या राडारोड्यात जाईल आणि त्याचे हप्ते मात्र मागे राहतील. अशा वेळी गळती, नळजोडणी व विजेच्या तारा एवढीच आवश्यक दुरुस्ती करून थांबणे शहाणपणाचे.

आता कागद. आपल्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीतील ६५ इमारतींचे प्रकरण आपणा सर्वांना ठाऊक आहे. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करून त्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळविल्याचा हा प्रकार २०२२ मध्ये गाजला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. तेथे घरे घेतलेल्या अनेकांनी बँकेचे कर्ज काढले होते. महारेरा क्रमांक आहे, बँकेने कर्ज मंजूर केले आहे, तेव्हा सर्व ठीक असणारच, हा त्यांचा समज स्वाभाविक होता. पण घर धोक्यात आले तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही.

यातून घ्यावयाचा बोध असा, की एका कागदाची खात्री दुसऱ्या कागदावरून करू नये; प्रत्येक कागद जेथून निघाला तेथे जाऊन तपासावा. बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः चौकशी करावी. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक पाहावे आणि स्वतंत्र वकिलाकडून मालकी हक्काचा शोध घ्यावा. बांधून तयार झालेल्या घरासाठी भोगवटा प्रमाणपत्र मागावे. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात, नोंदणीकृत करार झाल्याविना विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हेही रेरा कायद्याचे कलम लक्षात असू द्यावे.

आता कर्ज. राहत्या घरावर आधीच गृहकर्ज चालू असेल तर त्याच बँकेत टॉप-अप मिळते का, हे प्रथम विचारावे. नसेल तर घर दुरुस्तीचे तारण कर्ज घ्यावे. विनातारण वैयक्तिक कर्ज लवकर हाती पडते, परंतु ते सहसा महाग असते. व्याज कशावर आकारले जाते तेही विचारावे. ५ लाख रुपये १० टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतले आणि व्याज घटत्या शिलकीवर असेल, तर हप्ता सुमारे १०,६२४ रुपये व एकूण व्याज सुमारे १ लाख ३७ हजार रुपये होते. तेच १० टक्के पूर्ण मुद्दलावर सरसकट लावले, तर व्याज अडीच लाख होते. दर एकच, पण बोजा जवळजवळ दुप्पट!

प्राप्तिकराच्या सवलतीवरही फार विसंबू नये. जुनी करप्रणाली निवडणाऱ्यास राहत्या घराच्या दुरुस्ती कर्जावरील व्याजाची वजावट वर्षाला ३० हजार रुपयांपर्यंतच मिळते; मुद्दलाच्या परतफेडीवर ती मिळत नाही.

दुसऱ्या सदनिकेचे गणित उदाहरणाने पाहू. ४० लाखांच्या घरासाठी ३० लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २७ हजार रुपये येतो. भाडे ११ हजार मिळाले असे धरू. दरमहा १६ हजार रुपये खिशातून जातील. शिवाय मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, मालमत्ता कर व सोसायटीचे शुल्क वेगळे, आणि घर रिकामे राहिले तर तेवढे महिने भाडेही नाही. २० वर्षांत एकूण परतफेड सुमारे ६५ लाखांची होते. सोने एका दिवसात मोडता येते, मुदत ठेवही मोडता येते. घर विकावयास महिने लागतात. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च व हप्ते बाजूला ठेवूनही ही तूट सोसता येत असेल, तरच या वाटेने जावे.

शेवटी जामीनकीविषयी. आपल्या समाजात शब्दाखातर जामीन राहण्याची रीत आहे आणि तिच्यामागील आपुलकी मोठी आहे. परंतु १८७२ च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक कर्जदाराच्या आधीही जामीनदाराकडे येऊ शकते. तेव्हा ज्याच्यासाठी सही करावयाची, त्याची इमारत व कागद आपल्याच घराचे समजून पाहावेत. आणि कर्जदारानेही ते आपण होऊन दाखवावेत. नात्याला त्याने बाधा येत नाही, उलट नाते टिकते.

घर हे बहुतेक कुटुंबांच्या आयुष्यभराच्या कमाईचे असते. ते घेण्यापूर्वी महापालिकेत चार फेऱ्या माराव्या लागल्या तर त्या जरूर माराव्यात.