डोकं सगळ्यात शेवटी



मी चेन्नईत राहते आणि सुट्टीच्या दिवशी समुद्रात कयाक चालवते. कयाक उलटली तर आत बसल्या बसल्याच वल्ह्याच्या आधाराने ती पुन्हा सरळ करायची, याला ‘रोल’ म्हणतात. सुरुवातीची तीन वर्षं मी तो शिकले नाही. माझा युक्तिवाद साधा होता. इथलं पाणी कोमट आहे, मला पोहता येतं, अंगात लाइफ जॅकेट आहे. उलटले तर बाहेर पडेन. ही कसरत बर्फाच्या देशातल्या लोकांसाठी!

मग जूनमधली एक सकाळ आली.

कोवळमला गेले होते. केरळातलं नव्हे, चेन्नईहून महाबलीपुरमच्या वाटेवर लागतं ते, मच्छिमारांचं. जूनमध्ये आपल्याकडे पाऊस सुरू होतो, तेव्हा इथे कडक उन्हाळा असतो आणि सकाळचा वारा पश्चिमेकडून, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. असा वारा फार फसवतो. किनाऱ्याजवळ पाणी परातीसारखं सपाट दिसतं, कारण लाटा उठायला त्याला अजून अंतरच मिळालेलं नसतं. खरा जोर आत गेल्यावर कळतो. मी एकटी आत गेले (ही पहिली चूक), साधारण किलोमीटरभर. परतायला वळले, बाजूने लाट आली आणि उलटले.

बाहेर पडणं सोपं गेलं. कमरेभोवतीच्या स्कर्टची पट्टी ओढली की माणूस सुटतो. पण बसायच्या जागेत पाणी भरलं आणि बोट जड होऊन डोलायला लागली. वर चढायला गेले की ती पुन्हा उलटायची. तीनदा चढले, तीनदा पडले. चौथ्या वेळी हातात जोरच उरला नव्हता. पाणी छान कोमट होतं, त्याबद्दल तक्रार नाही. किनाऱ्यावरची घरं मात्र लहान लहान होत चालली होती, आणि पूर्वेला त्यानंतरची जमीन म्हणजे अंदमान, हजार किलोमीटरहून जास्त लांब.

जाळी घेऊन परतणाऱ्या एका फायबरच्या बोटीने मला पाहिलं. त्यातला माणूस लांबूनच ओरडत होता, “पडगै विडादे!” बोट सोडू नकोस. मी सोडली नव्हती, म्हणूनच त्यांना दिसले. नुसतं डोकं लाटांमध्ये दिसत नाही.

वाळूवर आल्यावर कुणी रागावलं नाही. जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका म्हाताऱ्याने एवढंच विचारलं, “अम्मा, उलटल्यावर सरळ करता येत नाही, तर ही होडी नेलीस कशाला?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्याकडे होतं, कारण त्याचं आयुष्य कट्टुमरमवर गेलं होतं. तमिळमध्ये कट्टु म्हणजे बांधणं आणि मरम म्हणजे लाकूड. इंग्रजीतला ‘कॅटमरान’ इथूनच गेला. ओंडके दोरांनी एकत्र बांधायचे, बस. त्याला ‘आत’ असं काही नसतंच, मग भरणार काय? लाट येते आणि फटींतून निघून जाते. उलटलंच तर फिरवायचं आणि पुन्हा बसायचं. आपल्या कोकणात याच अडचणीवर वेगळा तोडगा आहे. होडीला बाजूने उलांडी बांधतात, म्हणजे ती उलटण्याचा प्रश्नच कमी होतो.

ग्रीनलंडच्या इनुइट लोकांकडे ओंडके नव्हते. लाटांनी वाहून आलेलं लाकूड आणि सीलचं कातडं, यातून त्यांनी हलकी, पोकळ, वेगवान कयाक केली. पोकळ म्हणजे भरणारी, आणि तिथल्या पाण्यात बाहेर पडलेला माणूस फार वेळ टिकत नाही. म्हणून त्यांनी रोल शोधला. तो त्या होडीचाच भाग आहे, जशी उलांडी कोकणातल्या होडीचा. मी मात्र ग्रीनलंडची होडी कोरोमंडल किनाऱ्यावर आणली होती आणि तिच्याबरोबरची विद्या तिथेच ठेवली होती.

मग शिकले. मुट्टुकाडूच्या खाडीत, संथ, छातीएवढ्या पाण्यात. सहज आलं असं सांगणार नाही. उलटं लटकल्यावर खारं पाणी नाकातून थेट कपाळात गेल्यासारखं झोंबतं. शिवाय शरीर एकच गोष्ट मागतं, डोकं वर काढायची. आणि नेमकं तेच करायचं नसतं. डोकं जड असतं. ते आधी उचललं की चुकीचा गुडघा बोटीला दाबतो आणि ती परत उलटी होते. आधी कंबर फिरवायची, बोट अंगाखाली घ्यायची, मग धड, आणि डोकं सगळ्यात शेवटी, पाण्याला चिकटूनच यायला हवं. सूप पाखडताना मनगटाला जो झटका देतो ना, तसा कमरेत द्यायचा. मी पहिले दोन रविवार फक्त दुसऱ्याच्या बोटीचं टोक धरून कंबर फिरवत होते. वल्हं हातात नंतर आलं. युरोपातल्या ज्याने हे पहिल्यांदा जमवलं असं मानतात, त्या ऑस्ट्रियाच्या एडी पावलाटाने १९२७ मध्ये नुसती वर्णनं वाचून जमवलं म्हणे. मला शिकवायला समोर माणूस उभा असूनही महिना गेला.

आता रोल येतो म्हणून मी बिनधास्त झाले का? नाही. ब्रिटनचा जिनो वॉटकिन्स १९३०-३१ च्या मोहिमेत ग्रीनलंडच्या लोकांकडूनच ही कला शिकला आणि त्यात तरबेज झाला. ऑगस्ट १९३२ मध्ये तिथेच एकटा शिकारीला गेला. त्याची रिकामी कयाक सापडली, तो सापडला नाही. त्यामुळे आता मी एकटी जात नाही, आणि सकाळी पश्चिमेचा वारा जोरात असेल तर खाडीतच राहते. भाड्याने मिळते ती वरून उघडी कयाक चालवत असाल, तर तुम्हाला रोलची गरजही नाही. तिच्यावर पाण्यातून पुन्हा चढायला शिका, तेही खोल पाण्यात आणि दमलेलं असताना.

बदललं ते वेगळंच. पूर्वी बाजूने लाट आली की मी आखडायचे, आणि आखडलेला माणूस लवकर उलटतो. आता कंबर सैल राहते. त्यामुळे रोल करायची वेळच क्वचित येते.

गेल्या सप्टेंबरमध्ये आली. कोवळमलाच, परतताना, किनाऱ्याजवळ फुटणाऱ्या लाटेत. पहिला प्रयत्न फसला, कारण डोकं आधी काढलं! पुन्हा खाली गेले, मनात तीनपर्यंत मोजलं, आणि दुसऱ्यांदा वर आले. वाळूला लागले तर तोच म्हातारा बसलेला. जाळ्यावरून नजर न काढता त्याने विचारलं, “मूक्कुल तण्णी पोच्चा?” नाकात पाणी गेलं का?

गेलं होतं.