चित्र उघडावे कोणी?

२६ जुलै २००५ च्या पुरात हेंद्रेपाड्यातील आमच्या घरात उल्हासचे पाणी शिरले. वाचलेली छायाचित्रे आम्ही संगणकात घातली. मूळ कागद पुढे विरून गेले. पण चित्रे उघडत ती ‘पेंट’मध्ये! नातवाने सासूबाईंच्या कपाळावर रेघ ओढली नि ‘सेव्ह’ दाबले. मग मी उपाय शिकले. विंडोज ११ मध्ये चित्राच्या नावावर माउसचे उजवे बटण दाबावे, ‘ओपन विथ’मधून ‘चूज अनदर ॲप’ घ्यावे, ‘फोटोज’ निवडून ‘ऑलवेज’ दाबावे. चित्रास धक्का लागत नाही. उघडणारा तेवढा बदलतो. जेपीजीचे केले तरी पीएनजीचे निराळे करावयाचे, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते. सासूबाईंचे दुसरे छायाचित्र आमच्याकडे नाही.