‘आत्ता कोण कोण आहे?’ : हजेरीचा हिरवा ठिपका लावताना

हेडफोन लावलेत ना? लावा, कारण आजचा विषय थोडा तांत्रिक आहे आणि बसच्या आवाजात अर्धा निसटून जाईल. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना जे ‘म्हणजे म्हणजे’ झालं ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

शेवगावातल्या एका अभ्यासिकेतल्या पोरापोरींनी स्वतःचा एक प्रश्नोत्तरांचा बोर्ड चालवायला घेतलाय. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, सगळी तयारी करणारी मंडळी. आधी व्हॉट्सअॅप ग्रुप होता, पण तिथे काळ-काम-वेगाचं गणित टाकलं की दहा मिनिटांत त्यावर चाळीस ‘शुभ सकाळ’ येऊन बसायची. गणित गेलं खाली गाडलं. म्हणून त्यांनी स्वस्तातली जागा भाड्याने घेऊन पीएचपीबीबी बसवलं. फुकट मिळतं, २००० सालापासून आहे, आणि साध्या मोबाईलवरही उघडतं. विषयवार कप्पे पडले, उत्तरं सापडायला लागली. सगळं छान. मग तक्रार सुरू झाली, की रात्री अकराला प्रश्न टाकला तर समोर कोणी आहे का नाही हेच कळत नाही. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं.

आता अभ्यासिकेत हा प्रश्न येत नाही. दारात चपला दिसतात. किती जोड आहेत ते बघून आत किती डोकी आहेत ते कळतं, आणि रोजचा माणूस असेल तर कुठली चप्पल कोणाची तेही कळतं. त्यांना बोर्डावर ह्या चपला हव्या होत्या. मला विचारलं, “दादा, कोण आलंय, आज कोण येऊन गेलं, कोण किती वेळ बसलं, हे दाखवणारं काहीतरी जोडता येतं का?” येतं. पण ह्या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिन्हींची किंमत सारखी नाही.

आधी हे चालतं कसं ते बघू. गंमत अशी आहे की वेबसाइटला तुम्ही ‘आहात’ हे कधीच माहीत नसतं. तुम्ही पान मागता, ती पान देते, संपला संबंध. नंतर तुम्ही ते पान वाचताय, का फोन उशाला ठेवून झोपलात, का चहाला गेलात, तिला पत्ता नसतो. ती फक्त एवढंच लिहून ठेवते की अमक्याने शेवटचं पान अमक्या वेळी मागितलं. मग ‘गेल्या पाच मिनिटांत ज्यांनी काही मागितलं ते सगळे हजर’ असं ती धरून चालते. ऑनलाइन म्हणजे एवढंच, एक अंदाज. पीएचपीबीबीमध्ये हा आकडा मुळात पाच मिनिटांचा असतो. ड्रुपल नावाची दुसरी एक प्रणाली आहे, तिच्या जुन्या आवृत्त्यांतल्या ‘कोण ऑनलाइन आहे’ ह्या चौकटीत तोच आकडा पंधरा मिनिटांचा होता. मराठीत ह्या ड्रुपलचा मोठा संसार आहे बरं का. मायबोली १९९६ पासूनची, मिसळपाव २००७ पासूनचं, शिवाय ऐसी अक्षरे. ह्यांच्या पानांच्या पत्त्यात ‘नोड’ आणि पुढे आकडा दिसतो, ती ड्रुपलचीच खूण. ‘इतके सदस्य आणि इतके पाहुणे’ असली ओळ अशाच चौकटीतून यायची. पुढे ड्रुपल ७ मध्ये ह्या चौकटीतून पाहुण्यांची मोजणी काढून टाकली, कारण लॉगिन न करता येणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवायचंच त्यांनी बंद केलं.

त्याच्याही मागे गेलो तर हा प्रश्नच नव्हता. १९७८ साली शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सुएस ह्यांनी पहिला संगणकी बुलेटिन बोर्ड सुरू केला, तो एका टेलिफोन लाइनवर. एका वेळी एकच माणूस आत. तुम्ही आत असाल तर दुसरं कोणी नाही, आणि दुसरं कोणी असेल तर तुम्हाला एंगेज टोन. एंगेज टोन हाच हिरवा ठिपका! आपल्याकडे एसटीडी बूथच्या काचेबाहेर उभं राहून वाट बघितलेल्यांना हे लगेच समजेल. तुमच्यातल्या बहुतेकांना नाही समजणार, घरी विचारा.

बरं, शेवगावकडे येऊ. पहिली मागणी, आत्ता कोण आहे. ही सोय पीएचपीबीबीत आधीपासून असते, वेगळं काही जोडायला लागत नाही. अॅडमिनच्या पॅनलमध्ये ‘जनरल’मध्ये ‘लोड सेटिंग्ज’ म्हणून पान आहे. तिथे सभासद ऑनलाइन आहे का नाही हे दाखवायचं बटण आणि तो पाच मिनिटांचा आकडा, दोन्ही सापडतात. आम्ही आकडा पंधरा केला. का? कारण ही मंडळी प्रश्न उघडतात, फोन बाजूला ठेवतात आणि वहीवर गणित सोडवतात. बारा मिनिटं पानाला हात लागत नाही. पाच मिनिटांच्या हिशोबाने सगळ्यात मन लावून काम करणारा गैरहजर, आणि नुसतं वर-खाली करत बसणारा हजर! पंधराचा तोटा एवढाच की जो खरंच गेला तोही पाव तास दिसत राहतो. बोधेगावकडे कुणाची रेंज गेली, तरी ठिपका पंधरा मिनिटं हिरवाच. चालतंय. आकडा वाढवला की सर्व्हरला थोडं जास्त काम पडतं असं त्या सेटिंगखालीच लिहिलेलं आहे, पण शंभर-दीडशे सभासदांना त्याने काही फरक पडत नाही.

पाहुण्यांच्या आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नका. पीएचपीबीबी पाहुणे मोजते ते आयपी पत्त्यावरून. अभ्यासिकेच्या एकाच वायफायवर वीस जण लॉगिन न करता बसले असतील तर दिसणार पाहुणा एक. उलट गूगलसारखे ओळखीचे बॉट ती वेगळे काढते, पण अनोळखी बॉट आले की ते पाहुण्यांतच जमा. म्हणजे माणसं वीस तर एक, आणि माणूस शून्य तर चाळीस.

दुसरी मागणी, आज कोण येऊन गेलं. ह्याला जोडणी लागते, ज्याला तिथे एक्स्टेन्शन म्हणतात. २०१४ मध्ये आलेल्या ३.१ आवृत्तीपासून ही पद्धत आहे. त्याआधी मूळ फाइलींमध्ये हाताने ओळी घुसवायला लागायच्या आणि आवृत्ती बदलली की सगळं पुन्हा. आता पीएचपीबीबीच्या अधिकृत यादीतून झिप उतरवायची, आपल्या आवृत्तीला चालते का ते तिथेच वाचायचं, ‘एक्स्ट’ नावाच्या फोल्डरमध्ये उलगडायची, मग अॅडमिन पॅनलच्या ‘कस्टमाइज’मध्ये जाऊन चालू करायची. फोल्डरच्या आत फोल्डर असतो, आधी बनवणाऱ्याचं नाव आणि आत जोडणीचं. ते नीट नाही ठेवलं तर यादीत ती दिसतच नाही. नव्वद टक्के लोकांचं ‘होत नाय राव’ इथेच अडकलेलं असतं. हा नव्वद टक्के माझा अंदाज आहे, कुठे छापू नका.

चालू करायच्या आधी डेटाबेसचा बॅकअप. हे मी पुन्हा सांगत नाही, मागे दोन भाग ह्याच्यावरच झालेत. आणि नको असेल तेव्हा नुसती ‘बंद’ करणं आणि ‘डेटा पुसणं’ ही वेगळी बटणं आहेत. पहिल्यात नोंदी राहतात, दुसऱ्यात जातात. घाईत दाबू नका.

इथपर्यंत सगळं अर्ध्या तासाचं काम होतं. मग त्यांच्यातली एक मुलगी बोलली. तिचं नाव, गाव काही सांगत नाही. ती म्हणाली, “दादा, माझं नाव त्या यादीत नको. भाऊ पण बोर्डावर आहे. रात्री दीडला दिसले तर सकाळी घरात विचारणा होते, कुणाशी बोलत होतीस. मी रीझनिंग सोडवत होते हे कोण ऐकणार?”

खोलीत सगळे गप्प. एक जण हसला, मग तोही गप्प झाला.

तुमच्यातल्या किती जणींना हे ओळखीचं वाटलं असेल मला माहितीये. व्हॉट्सअॅपचं ‘लास्ट सीन’ आलं तेव्हापासून हीच कटकट आहे. निळी खूण २०१४ मध्ये आली. पण ‘ऑनलाइन’ हा शब्दच लपवायची सोय यायला २०२२ उजाडलं, आणि ‘ह्या ठरावीक लोकांना सोडून बाकीच्यांना दाखव’ हीसुद्धा त्याच वर्षी. शिवाय तिथे अट अशी की स्वतःचं लास्ट सीन झाकलं तर दुसऱ्याचंही बघायला मिळत नाही. टेलिग्रामने मधला रस्ता काढला. अचूक वेळ झाकली की ‘नुकतेच’, ‘आठवड्यात’, ‘महिन्यात’ असं मोघम दिसतं. मला ते जास्त आवडतं. माणूस जिवंत आहे, बोर्डावर येतोय, एवढं कळलं. दीड वाजता का अडीच, हे कुणाला कशाला?

तर त्या मुलीसाठी काय केलं ते नीट ऐका, कारण इथे बारकावे आहेत. पीएचपीबीबीमध्ये ‘माझी ऑनलाइन स्थिती लपवा’ असा पर्याय प्रत्येक सभासदाला स्वतःच्या सेटिंगमध्ये मिळतो, आणि लॉगिन करतानाही त्या वेळेपुरती एक चौकट असते. पण सेटिंगमध्ये बदलाल तर तो लगेच लागू होत नाही, पुढच्या भेटीपासून होतो! म्हणजे आत्ता लपवलं म्हणून निर्धास्त बसाल तर आजच्या यादीत दिसताच आहात. लपवून झाल्यावर एकदा लॉगआउट, मग पुन्हा लॉगिन.

दुसरं, लपलेले सभासद बघता येण्याचा एक वेगळा अधिकार असतो आणि तो अॅडमिन ज्याला देईल त्याला मिळतो. आम्ही तो मॉडरेटरांकडून काढून घेतला. त्यांचं काम शिवीगाळ आवरणं आहे, रात्री कोण जागं आहे ते बघणं नाही. तिसरं, ‘कोण ऑनलाइन’च्या सविस्तर पानावर माणूस कुठल्या कप्प्यात वाचतोय तेही दिसतं. बऱ्याच जणांना हे ठाऊकच नव्हतं, ऐकून दोघातिघांनी डोळे मोठे केले.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मूळ प्रणालीत लपलेला माणूस बाहेरच्या जोडणीतही लपेल असं गृहीत धरू नका. जोडणी कुणी तिसऱ्याने लिहिलेली असते. म्हणून आम्ही तीन खाती उघडून तपासलं, एक अॅडमिनचं, एक साध्या सभासदाचं आणि एक लपलेल्याचं. लपलेल्या खात्याने फेरफटका मारायचा आणि साध्या खात्यातून ‘आज येऊन गेलेले’ बघायचं. मग पूर्ण लॉगआउट करून, परक्याच्या नजरेने. परक्याला नावांची यादी दिसायचं काहीच कारण नाही, म्हणून टेम्प्लेटमध्ये ‘लॉगिन असेल तरच दाखव’ अशी अट घातली. यादीत फक्त नावं ठेवली, वेळ काढून टाकली. प्रोफाइलमधली शेवटच्या भेटीची वेळ कोणाला दिसते तेही बघून घेतलं.

तिला एक गोष्ट स्पष्ट सांगितली. ठिपका झाकला तरी उत्तर टाकलं की त्यावर वेळ उमटते. रात्री दीडला सोडवलंस तर मसुदा साठवून ठेव आणि सकाळी टाक. ती म्हणाली, “मग माझ्या आधी दुसरं कोणीतरी उत्तर देणार की!” त्याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. हे तंत्राने सुटणारं नाहीच. तिच्या घरचा प्रश्न बोर्डाच्या सेटिंगमध्ये नाही.

तिसरी मागणी राहिली, कोण किती वेळ बसलं. त्यांना तासांची क्रमवारी हवी होती, वर पहिला, दुसरा, तिसरा. म्हणे चुरस लागेल. ह्याला मी सरळ नको म्हणालो. एक तर आकडा खोटा असतो. आत्ताच सांगितलं, प्रणालीला तुम्ही बसलात का झोपलात हे कळत नाही. पान उघडं ठेवून दर दहा मिनिटांनी बोट लावणारा पहिला येणार. आणि दुसरं, अकरावी-बारावीची पोरं पण त्यात आहेत. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे, त्यात काही अपवाद सोडले तर अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई लिहिलीये. अभ्यासिकेला कोणी कोर्टात खेचणार नाही, पण ज्या गोष्टीवर कायद्याला बोट ठेवावंसं वाटलं ती आपण हौसेने कशाला लावायची? चुरसच हवी तर किती प्रश्नांची उत्तरं दिली ते मोजा. त्यावर बरीच वादावादी झाली. दोघांचं अजून पटलेलं नाही, आणि त्यांच्या म्हणण्यातही दम आहे. एक जण म्हणाला, “दादा, घरी एकट्याला अभ्यास होत नाय, कोणीतरी बघतंय म्हणलं की होतो.” त्यांच्यासाठी एक कप्पा काढलाय. ज्याला हवं त्याने स्वतःच्या हाताने रोज लिहायचं, आज इतके तास केले. खोटं लिहायचं तर स्वतःशीच लिहा.

एक शेवटचं, मग थांबतो. पीएचपीबीबी एक विक्रमही जपून ठेवते, एका वेळी सर्वाधिक किती जण हजर होते आणि कोणत्या तारखेला. ह्यांच्या बोर्डावर एका रात्री बॉटांची झुंबड आली आणि विक्रम झाला दोनशेच्या वर. सभासद त्याच्या निम्मे पण नाहीत! पोरांनी त्याचा स्क्रीनशॉट काढून स्टेटसला लावला होता. तो आकडा अॅडमिन पॅनलच्या पहिल्याच पानावरून पुन्हा शून्यापासून सुरू करता येतो. केला. आत्ता हे बोलताना बघितलं तर खरा विक्रम आहे एकोणीस, तलाठ्याच्या सराव पेपरच्या रात्रीचा.

तुमच्या बोर्डाचं काही अडलं असेल तर आवाजी मेसेज पाठवा, एक मिनिटाच्या आत आटपा. पुढच्या वेळी बॉट अडवायचे कसे ते बघू.