पाटीवर फक्त नाव

9 डिसेंबर 2024 रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि बीड जिल्ह्यात जातीजातींतला ताण वाढला. ठाण्यात समोर बसलेला पोलीस कोणाचा, हे लोक आडनावावरून ताडू लागले. 2025 च्या सुरुवातीला पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांना फक्त पहिल्या नावानं ओळखण्याची पद्धत आणली. टेबलावरच्या नव्या पाट्यांवर आडनाव नाही. फिर्याद द्यायला भीतभीत आलेल्या माणसासाठी हे फार मोलाचं आहे. पण चूक पोलिसांचीच असेल तर? सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्येच, प्रकाश सिंह खटल्यात, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी जिल्हा पातळीवरही प्राधिकरण नेमायला सांगितलं. तक्रारीचं ते दार बीडकरांना बीडमध्येच हवं.